दरवाजे दीड फूट

पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात भेटलेला माणूस तब्येत नंतर विचारतो. आधी विचारतो, "दरवाजे किती उचलले?" पाटणच्या स्टँडवर, कराडच्या मंडईत, खाली सांगलीत कृष्णाकाठच्या गल्ल्यांत हाच प्रश्न. आणि उत्तर नेहमी फुटांत. दीड फूट. आता तीन झाले. रात्री आणखी उचलणार म्हणतात.

धरणाला सहा वक्र दरवाजे आहेत, पण पाणी वाढलं म्हणून कोणी ते एका झटक्यात सताड उघडत नाही. आधी पायथा वीजगृहातून विसर्ग सुरू होतो, नदीकाठच्या गावांना इशारा जातो, मग दरवाजे फूट-दीड फूट वर जातात, आणि वरून येणारं पाणी बघून पुढचं ठरतं. मी कोयनानगरात, धरणाच्याच कॉलनीत वाढलो. वडील नगर जिल्ह्यातून धरणाच्या कामावर फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यामुळे 'समर्पण' हा शब्द कानावर पडला की मला हे दरवाजे आठवतात.

आपल्या मंडळ्यांत समर्पण बहुतेक वेळा वेगळ्या तऱ्हेने होतं. संजीवन सभांची शेवटची रात्र असते, वक्ता आवाहन करतो, पेटी हळू वाजत असते, माणसं पुढे जाऊन गुडघे टेकतात आणि आपलं सगळं प्रभूला देऊन टाकतात. मीही पुढे गेलो आहे. एकदा नाही, चारदा. त्या रात्री खोट्या नव्हत्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण सोमवारी सकाळी मी त्याच टेबलाशी, त्याच सहकाऱ्याशी अबोला धरून बसलेला असायचो. सगळंच दिलं होतं, त्यामुळे नेमकं काय दिलं असं कोणी विचारलं असतं तर एक वस्तू सांगता आली नसती.

हा लेख त्या सोमवारसाठी आहे.

पण कामाचं बोलण्याआधी एक गैरसमज उचलून बाजूला ठेवायला हवा, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहील. आपण 'देवाची इच्छा' हे शब्द कुठे वापरतो ते आठवून बघा. मयताच्या घरी. परीक्षेत मुलगा नापास झाल्यावर. लग्न मोडल्यावर. म्हणजे जे होऊन गेलं आणि आता बदलत नाही, त्याला आपण देवाची इच्छा म्हणतो आणि मान खाली घालण्याला समर्पण म्हणतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनानगर हादरलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सुमारे १८० माणसं गेली, जखमी झालेले दोन हजारांच्या वर. मला आठवतं ते एवढंच की आम्ही भावंडं एका गोधडीत मैदानात बसलो होतो आणि आई सारखी आमची डोकी मोजत होती. काही आठवड्यांनी बाहेरगावचे एक पाळक भेटीला आले. आम्ही तात्पुरत्या निवाऱ्यात होतो. त्यांनी प्रार्थना केली, धीर दिला, आणि मग म्हणाले की हा या वसाहतीच्या पापाचा दंड आहे, देवाची इच्छा समजून नम्र व्हा. आई चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "पाळकसाहेब, आमच्या शेजारचं तान्हं गेलं. त्याचं पाप तेवढं सांगा मला." पाळकसाहेब चहा पिऊन गेले. सलाम मात्र दोघांनीही व्यवस्थित केला.

आईला तेव्हा ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशूने लोकांना विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं : नाही. मग ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनी आपापला पश्चात्ताप करावा असं सांगितलं. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडला नाही. जिवंतांना मात्र त्यांच्या हिशेबाची आठवण दिली.

आपल्या भूकंपाबाबत तर जलाशय भरू लागल्यानंतर, १९६२ च्या सुमारापासून, इथे धक्के जाणवू लागल्याची नोंद आहे, आणि मोठ्या जलाशयाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो हे शिकायला जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचाच दाखला घेतात. ज्यात माणसाच्या कामाचाही हात आहे ते सरसकट देवाच्या नावावर खपवणं ही नम्रता नव्हे. आळस आहे.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण इतक्या वेळा म्हणतो की तिच्यातली एक गोष्ट निसटून जाते. तिच्यात देवाची इच्छा ही मागणी म्हणून येते. ती पृथ्वीवर पूर्ण व्हावी असं आपण मागतो. जे आपोआप होतंच आहे ते कोणी मागत नाही. म्हणजे जगात जे जे घडतं ते सगळं देवाच्या मनासारखं आहे असं मुळात येशूनेच शिकवलेलं नाही. देवाची इच्छा ही बरीचशी अजून व्हायची आहे, आणि ती व्हायला आपले हात लागणार आहेत. समर्पण म्हणजे झालेल्या गोष्टीपुढे हात टेकणं नव्हे. अजून आपल्या हातात जे आहे, ते त्याच्या कामाला लावणं.

आमच्या खोऱ्यात तर हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. इथे शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. त्या लोकांनी घरं, शेतं, देवळं सोडली, पण ते समर्पण नव्हतं, भूसंपादन होतं. साठ वर्षं उलटली तरी पुनर्वसनाच्या हक्कासाठी धरणग्रस्त कोयनानगरात ठिय्या देऊन बसतात. अशा माणसाला 'सगळं देवावर सोडा' असं सांगायचा अधिकार, मला वाटतं, दुसऱ्या कोणाला नाही. निदान ज्याच्या घरात त्या पाण्याची वीज जळते त्याला तर मुळीच नाही. काढून घेतलेलं आणि दिलेलं यात अंतर आहे. ज्याचं काढून घेतलंय त्याने न्याय मागावा. तो मागताना तो देवाची अवज्ञा करत नसतो.

आता कामाचं.

पहिली गोष्ट म्हणजे आपली इच्छा आधी बोलून टाका. भाविक माणसं ही पायरी गाळतात. 'प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे' असं थेट म्हणतात, आणि आतमध्ये आपली इच्छा तशीच दाबून ठेवतात. ती मग दुसरीकडून फुटते. चिडचिडीतून, कुरकुरीतून, 'मी देवासाठी एवढं केलं आणि...' या वाक्यातून. गेथशेमाने बागेत येशूने असं केलं नाही. त्याने आधी आपल्याला काय हवंय ते पित्याला स्पष्ट सांगितलं : हा प्याला टळावा. त्यानंतर स्वतःला पित्याच्या हवाली केलं. आणि हे एकदा म्हणून तो मोकळा झाला नाही; मत्तय लिहितो की त्याने तीनदा तीच प्रार्थना केली. देवाच्या पुत्राला तीन वेळा लागले, तर आपल्याला तीस लागले म्हणून लाजायचं कारण नाही. बदली नको असेल तर नको म्हणा. मूल हवं असेल तर हवं म्हणा. कागदावर लिहिता आलं तर फार चांगलं, कारण लिहिलेली इच्छा नजरेसमोर राहते आणि ती सोडली की नाही हे कळतं. न लिहिलेली इच्छा आपण शंभर वेळा सोडतो आणि तिला शंभर वेळा जाऊन बिलगतो.

दुसरी गोष्ट बोचरी आहे. देवाची इच्छा कळत नाही अशी तक्रार घेऊन जी माणसं येतात, त्यांतल्या बहुतेकांना (मी धरून) तिचा बराच मोठा भाग आधीपासून कळलेला असतो. तो नकोसा असतो, म्हणून आपण न कळलेल्या भागाबद्दल विचारत बसतो. मुलाला पुण्याला पाठवू की कराडलाच ठेवू, यासाठी उपास करणारा गृहस्थ कामगाराची दोन महिन्यांची मजुरी थकवून असतो. मजुरीबद्दल त्याला देवाचं मन विचारायची गरज नाही. याकोबाच्या पत्रात ते लख्ख लिहिलंय. पुण्याबद्दल मात्र पवित्र शास्त्रात काहीच नाही. तर माझा सल्ला असा, की जे कळत नाही ते विचारण्याआधी जे कळलंय त्यातलं एक काम उरकून या. पुष्कळदा त्यानंतर पुण्याचा प्रश्न लहान होऊन जातो. सुटतो असं म्हणत नाही, लहान होतो.

आणि इथेच तो दीड फूट. कळलेल्या कामांची यादी केली तर ती धरणाएवढी भरते : जुनी देणी, न मागितलेली क्षमा, तोंडातली शिवी, ऑफिसातून आणलेला कागदांचा गठ्ठा, आईला न केलेला फोन. सगळं एकदम करायला निघालेला माणूस आठवड्यात थकतो आणि मग वर्षभर त्या बाजूला फिरकत नाही. खालच्या गावांचीही दैना होते. नव्याने 'समर्पित' झालेल्या माणसाच्या घरी चार दिवस राहून बघा. म्हणून दरवाजा थोडा उचला. या आठवड्यात एक देणं किंवा एक क्षमा. पाणी बघा. मग पुढचं.

धरणावरचे लोक आणखी एक गोष्ट पाळतात. पावसाळा सरेपर्यंत जलाशय काठोकाठ भरू देत नाहीत. कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची याचं वेळापत्रक असतं, म्हणजे अचानक आलेल्या लोंढ्याला जागा मिळते. आपल्या महिन्यात अशी जागा कुठे असते? पगार आला की हप्त्यांत शेवटच्या रुपयापर्यंत गेला, दिवस शेवटच्या मिनिटापर्यंत गेला, आणि मग वाटेत पडलेल्या माणसाला बघून आपण चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतल्या याजकासारखे पलीकडून निघून जातो. तो याजक दुष्ट नसेलही. त्याचं वेळापत्रक भरलेलं असेल. आज्ञापालनाला मन लागतं तसा रिकामा तास आणि थोडे न बांधलेले पैसेही लागतात. दशमांश देणाऱ्यांनाही हे सांगावं लागतं, कारण दशमांश ठरलेला असतो आणि शेजारी ठरवून आजारी पडत नाही.

साताऱ्यात राहून समर्पणावर लिहायचं आणि टिळकांना वगळायचं हे शक्य नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, कविता, 'ज्ञानोदय'चं संपादन. आणि मग १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, जेव्हा इतर माणसं पेन्शनचा हिशेब करतात, तेव्हा त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका बंधुत्वात यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते गेले.

ही गोष्ट आपल्याकडे उपदेशांतून नेहमी सांगितली जाते आणि नेहमी इथेच थांबवली जाते. मला ती त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचायला आवडते. १८९५ च्या बाप्तिस्म्याने टिळकांनी स्वतःला ख्रिस्ताला दिलं, पण त्याची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित जास्त, लक्ष्मीबाईंनी मोजली. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या काळातल्या बाईने नवरा जिवंत असताना असं राहायचं म्हणजे काय, ते त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सांगायला नको. त्या पुस्तकाची खुबी अशी की लक्ष्मीबाई रडगाणं गात नाहीत, टिळकांना देवमाणूस करत नाहीत आणि खलनायकही करत नाहीत. हातातलं उचलून देऊन टाकणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा चालतो, तो त्या हसत हसत सांगतात, आणि हसता हसता वाचणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकतं.

म्हणून घरच्या कर्त्या माणसाने समर्पणाचा मोठा निर्णय घेण्याआधी एक प्रश्न वहीत लिहावा : याचे पैसे कोण भरणार? नोकरी सोडून सेवेत उतरायचं आहे, ठीक. फी कोण भरणार, औषधं कोण आणणार, आणि ज्याला ती आणावी लागणार आहेत त्याला तुम्ही विचारलंत का? दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवाला वाहणं याला येशूच्या काळी एक नावही होतं. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावे लिहून मोकळं व्हायचं. मार्कच्या सातव्या अध्यायात तो त्यावर किती कडाडला आहे ते बघा.

पण लक्ष्मीबाईंची गोष्ट तिथेही संपत नाही. त्या नवऱ्याच्या मागे फरफटत ख्रिस्ती झाल्या नाहीत. एकत्र राहू लागल्यावरही त्यांचं सोवळं त्यांनी सांभाळलं, स्वयंपाक वेगळा ठेवला, आणि जात ही माणसाने केलेली आहे हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हाच ते सोडलं. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनीही त्या बाबतीत घाई केली नाही. मला हे दोघांच्याही समर्पणातलं सगळ्यात मोठं काम वाटतं, साताऱ्याच्या दरबारापेक्षाही मोठं. पुढे टिळक 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं टाकून गेले. त्यांचे दहा-अकरा अध्याय झाले होते. नवऱ्याकडून अक्षर शिकलेल्या या बाईने पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहून ते पुरं केलं. त्यासाठी कोणी आवाहन केलं नव्हतं आणि पेटीही वाजत नव्हती.

इथून सांगलीच्या बाजूला उतरलं की मिरज लागतं. डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा राहिला, आणि १९२८ पर्यंत ते तिथेच होते. त्यांच्या नावाबरोबर एखादी दैवी हाक, एखादं स्वप्न वगैरे जोडायची लोकांना हौस असते. मला त्यांचं चाळीस वर्षांचं रुग्णांचं रजिस्टर जास्त बोलकं वाटतं. आणि दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो : आजारी माणसाला औषध देणं हा अविश्वास नव्हे. प्रार्थना करा, तेल लावा, पाळकांना बोलवा, आणि साखरेची गोळी चुकवू नका. गोळी थांबवून देवाची परीक्षा घेऊ नका. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगितलं होतं, तेही शास्त्रवचनाचा आधार देऊन.

कोणाचं ऐकायचं, हा आज्ञापालनातला सर्वांत नाजूक भाग. 'प्रभूने मला सांगितलंय की तू...' अशी सुरुवात करून कोणी तुमच्या लग्नाबद्दल, पैशांबद्दल, घराबद्दल बोलू लागलं, तर नम्रपणे ऐका आणि नम्रपणेच घरी या. प्रभूला तुमचा पत्ता माहीत आहे. मंडळीतल्या दोन-तीन जुन्या, गप्प माणसांपुढे ती गोष्ट ठेवा. ज्यांना तुमच्या निर्णयातून काही मिळणार नाही अशांपुढे. घाई करणारा आवाज असेल तर जास्त सावध राहा. आजच ठरव, आत्ताच लिहून दे, कोणाला सांगू नको, असं म्हणणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही.

आणि जिच्या घरात मारहाण आहे अशा बहिणीला आज्ञाधारकपणाचा पाठ देऊन परत पाठवणाऱ्या मंडळीने आपलं शास्त्र पुन्हा उघडावं. ताई, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. मार खाणं हा तुमचा वधस्तंभ नाही. येशूने आपला वधस्तंभ स्वतः उचलला, आणि नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. निघून जाणं हेही त्यानेच दाखवलेलं आहे. माहेरी, शेजारी, पोलिसांत, जिथे सुरक्षित असाल तिथे जा. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं पेत्राने सभेपुढे उभं राहून सांगितलं. तेव्हा समोर धर्माचे पुढारीच बसले होते.

दिवसाचं रोजचं काम म्हणाल तर माझी पद्धत साधी आहे. सकाळी शास्त्रपाठ थोडा वाचतो, एक परिच्छेद. पूर्वी तीन अध्याय वाचायचो. वाचल्याचं समाधान मिळायचं आणि करायला काही उरायचं नाही. आता वाचून झाल्यावर त्यातून आज करता येईल असं एकच काम शोधतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितो. चौकोन लहान आहे ही मोठी कृपा. 'सोशिक व्हावं' असं त्यात लिहायला बसलो तर अर्थ लागत नाही. 'वायरमनला चहा' हे लिहिता येतं. रात्री झालं असेल तर बरोबरची खूण, नाही तर गोल. गोल पुष्कळ आहेत. पत्नी दूधवाल्याचे खाडेही त्याच चौकोनात लिहिते, त्यामुळे कधी कधी माझा दिवस आणि दुधाचा खाडा एकाच गोलात जातो.

गोलांबद्दल दोन शब्द, कारण तिथेच लोक सोडून देतात. १९६७ च्या धक्क्यात धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. त्या भेगा कोणी गिलाव्याखाली झाकल्या नाहीत. शोधून भरल्या, पोलादी केबलींनी आवळल्या, आणि पुढे धरणाच्या पाठीला काँक्रीटचे आधार दिले. आजही खालून बघितलं तर धरणाची पाठ जाडजूड दिसते. आपण अवज्ञा झाली की एक तर लपवतो, नाहीतर सगळंच धरण फुटलं म्हणून हंबरडा फोडतो. दोन्ही करू नका. भेग कुठे आहे ते नेमकं बोला : 'मी पापी आहे' असं नाही, 'काल सहा वाजता मी अमुक खोटं बोललो' असं. ज्याच्याशी बोललात त्याला सांगा. आणि त्या जागी पुन्हा धक्का बसेल हे धरून आधार द्या. दारूची भेग असेल तर त्या रस्त्याने घरी न येणं हा आधार. पैशाची असेल तर बायकोच्या हाती पासबुक देणं हा आधार. मोहाच्या जागी रोज उभं राहून रोज जिंकायचं, असा कोणी आपल्याला सांगावा दिलेला नाही.

येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली ती मला या बाबतीत फार धीर देते. बापाने मळ्यात काम करायला जा म्हटलं. एक 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'जाणार नाही' म्हणाला आणि मग मनात काही आलं, गेला. बापाची इच्छा कोणी केली, असं येशूने विचारलं. त्या दुसऱ्याचा आवाज उद्धट होता, तोंड वाकडं होतं, कदाचित दुपार उलटल्यावर तो मळ्यात पोचला असेल. पण पोचला. तोंड सरळ होण्याची वाट बघत घरी बसला नाही.

हे सगळं लिहायला बसलो त्याला आता चार दिवस झाले. नगरला आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर आहे, थोरला भाऊ कसतो. वडील गेल्यावर वाटणीवरून आमचं बिनसलं. चूक त्याची होती असं मी अकरा वर्षं सांगत आलो आहे, आणि माझ्याकडे कागदही आहेत. जानेवारीपासून कालनिर्णयावर 'दादाला फोन' असं सात वेळा लिहिलंय आणि सातही गोल आहेत. आज पत्नीने लेखाची पानं वाचली, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाली, "दीड फूट म्हणे."

संध्याकाळी फोन लावला. वहिनींनी उचलला. आवाज ओळखून त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते कांद्याला पाणी धरायला गेलेत. आठनंतर लावा, घरीच असतील."

पावणेआठ वाजलेत. पत्नीने रेडिओ बंद केला आहे.